कन्नड गोत्तिल्ला

यंदाच्या १५ ऑगस्टला सकाळी साडेआठच्या सुमारास मी एका म्हातारीशी खोटं बोलले. सीबीटीच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, आडोशाला रिक्षाची वाट बघत उभी होते. बेळगावचा ऑगस्ट तो; पाऊस पडतोय म्हणावं तर पडत नाही, थांबलाय म्हणावं तर साडीचा काठ ओला. शाळेची पोरं पांढऱ्या कपड्यांत घोळक्यानं चाललेली, त्यांच्या हातातले कागदी झेंडे दमट होऊन काडीला चिकटलेले. माझ्या पदराला तिरंग्याची पिन, खांद्यावरच्या पिशवीत पवित्र शास्त्र आणि गायनांचं पुस्तक, दोन्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. चर्चच्या आवारात सव्वानऊला झेंडावंदन, मग उपासना. तेवढ्यात कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे, हातात सिव्हिलमधून आणलेली औषधांची तीन कागदी पाकिटं. "यव्वा, इदोंद ओदि हेळवा," म्हणाली. बाई, एवढं एक वाचून सांग गं. तिनं पाकीट माझ्यासमोर धरलं आणि तिचं वाक्य संपायच्या आत मी ते वाचलंही होतं. निळ्या बॉलपेननं, घाईच्या अक्षरात, 'ऊटक्के मोदलु'. जेवणाआधी. दुसऱ्यावर जेवणानंतर. तिसरं तिच्या बोटांखाली होतं.

मी म्हटलं, "कन्नड गोत्तिल्ला."

"हौदा?" होय का, एवढंच म्हणाली ती. रागावली नाही, तिला नवलही वाटलं नाही. पाकिटावर पडलेला थेंब पदरानं टिपला आणि पानाच्या टपरीकडे वळली. माझी रिक्षा आली, मी बसले. कॅम्पच्या वळणावर मागं वळून बघितलं तेव्हा मध्ये दोन बसगाड्या उभ्या होत्या.

सीमाभागात वाढलेल्या कुणालाही हे दोन शब्द समजावून सांगायला नकोत. कन्नड येत नाही हे सांगण्यापुरतं कन्नड आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही येतं. आमच्या घरात ते वाक्य आबांचं होतं. माझे आबा, म्हणजे आजोबा, मराठी शाळेत मास्तर. सीमालढ्याच्या सत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात जाऊन आलेले. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्याच्या स्थापनेच्या दिवशी, दंडाला काळी फीत बांधून फेरीला निघायचे, आणि कुणी कन्नडमध्ये काही विचारलं की मान ताठ करून हे दोन शब्द म्हणायचे. त्यांच्या तोंडी ते खरंही होतं, त्यांना कन्नड खरोखरच येत नव्हतं. मला येतं. बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक अशी. पीककर्जाच्या अर्जांवर मी कन्नडमधून अंगठे घेतलेत, कन्नडमधून भांडलेय, एका शेतकऱ्याच्या विधवेची कन्नडमधून समजूत घातलीय. कधी कधी तर स्वप्नातली माणसं माझ्याशी कन्नडमध्ये बोलतात. तरी त्या सकाळी जीभ अडली नाही. सराईतासारखं खोटं बाहेर पडलं.

कारण होतं. कारण नव्हतं असं म्हणून मला स्वतःला वाईट ठरवायचं नाही, आणि ते सांगून सुटायचंही नाही. त्याच्या बारा दिवस आधी वडिलांच्या नावावरच्या जागेची वारसा नोंद करायला एका कार्यालयात गेले होते. अर्ज मराठीत लिहिला होता, मुद्दाम. वडिलांचं नाव शेवटचं कुठल्या कागदावर मी माझ्या हातानं लिहिणार असेन तर ते त्यांनी मला पाटीवर गिरवायला शिकवलेल्या अक्षरांत असावं, इतकीच इच्छा. खिडकीतल्या माणसानं अर्ज न वाचता बोटानं परत सरकवला. कन्नडमध्ये लिहून आणा. माझ्यामागं रांगेत उभा असलेला कुणीतरी हसला. पाच मिनिटांत तिथंच बाकावर बसून मी तो कन्नडमध्ये लिहू शकले असते. नाही लिहिला. अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला आणि घरी आले. येताना मनाशी ठरवलं की यापुढं आपण होऊन एक शब्द कन्नड बोलायचं नाही. हा माझा हक्क आहे, हे माझं स्वातंत्र्य आहे. ते मी बारा दिवस जपलं आणि तेराव्या दिवशी पहिल्यांदा वापरलं, ते त्या म्हातारीवर.

झेंडावंदन झालं. ओल्या दोरीची गाठ सुटेना, मग संडे स्कूलच्या एका पोरानं दातानं सोडवली आणि गुलाबाच्या पाकळ्या खाली पडल्या. राष्ट्रगीत झालं. शेजारच्या कॅथलिक मंडळींची १५ ऑगस्टला मारियेच्या स्वर्गोन्नयनाचीही मिस्सा असते, त्यांच्याकडे आज दुहेरी सण. आमच्याकडे उपासना, देशासाठी प्रार्थना आणि शेवटी बुंदीचा लाडू. पाळकसाहेबांनी वचन काढलं नव्या करारातलं, पौलानं लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं, तेरावं. लहानपणापासून पाठ असलेलं. तुम्हाला स्वातंत्र्याकरता बोलावलंय, पण ते देहवासनांना मोकळं रान म्हणून वापरू नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. आणि दोनच वचनं पुढं पौल त्या मंडळीला बजावतो की तुम्ही एकमेकांना चावत आणि खात राहिलात तर सांभाळा, एकमेकांच्या हातून संपून जाल. पंख्याच्या घरघरीत पाळकसाहेब पुढं काय बोलले ते मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांसमोर पाकिटावरचा थेंब होता. आईला साखरेचा त्रास आहे म्हणून मला कळतं, जेवणाआधीची म्हणून दिलेली गोळी घेतली आणि मग वेळेवर जेवण पडलं नाही तर काय होतं. दरदरून घाम, हातापायांना कापरं, डोळ्यांपुढं अंधारी. तिची गोळी साखरेचीच असेल असं नाही. पण असेल तर? बस सौंदत्तीची असेल तर? तिकडं पोचेपर्यंत दुपार.

उपासना संपल्यावर लाडू न घेता रिक्षा केली आणि परत सीबीटीवर गेले. पानाच्या टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, सकाळपासून किती म्हाताऱ्या आल्या नि गेल्या, कुठली सांगू?

'दास' हा शब्द मला लहानपणी मुळीच आवडायचा नाही. आबांना मी विचारलं होतं, आपण आता कुठं स्वतंत्र झालोय असं तुम्हीच म्हणता, मग पुन्हा दास कशाला व्हायचं? आबा तेव्हा सुपारी कातरत होते. म्हणाले, "समर्थांनी स्वतःचं नाव काय घेतलं? रामदास. त्यांना कुणी बळंच दास केलं होतं काय?" माझं समाधान झालं नव्हतं. आमच्या समाजातल्या पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या माणसांना न विचारता दास केलं गेलं होतं. येशूकडे आले ते त्यातून सुटायलाच आले. ज्याला कधी कुणी राबवून घेतलं नाही त्याला दास होणं सोपं वाटत असावं असं मला बरीच वर्षं वाटत राहिलं. अजूनही हा शब्द दुसऱ्याला सांगताना मी बिचकते. तो फक्त स्वतःला सांगायचा शब्द आहे.

त्याचा अर्थ थोडाफार उकलला तो बैलहोंगलला. तिथं बदली झाल्याच्या पहिल्याच वर्षी एका मठाची जत्रा होती, शाखेतल्या सगळ्यांना जेवायला बोलावणं आलं. मांडवाच्या दारावर पाटी: दासोह. बसवण्णांच्या काळापासूनचा, आठ-नऊशे वर्षांचा शब्द. मी तुझा दास, या भावनेनं जे आपल्यापाशी आहे ते वाटून टाकणं. पंगतीत पत्रावळीवर गरम गव्हाची हुग्गी पडली, गूळ आणि वेलदोड्याचा वास, वर तुपाची धार. मान वर करून बघते तर वाढणारा माणूस ओळखीचा. ऊसवाला, दोन ट्रॅक्टरांचा मालक, ज्याची कर्जाची फाईल त्या आठवड्यात माझ्या टेबलावर होती आणि जो बँकेत खुर्ची दिल्याशिवाय बोलायचा नाही. तो अनवाणी, कमरेला पंचा, घामानं निथळत बादली घेऊन ओळीनं वाढत चालला होता, आणि त्याच ओळीत पुढं त्याच्याच शेतावरचा गडी बसला होता. गड्याला तो म्हणत होता, "इन्नोंद स्वल्प हाकस्कोरी," अजून थोडं घ्या. 'घ्या' म्हणाला, 'घे' नाही. मी हुग्गी खात होते आणि मनात पौलाचं वचन घोळत होतं, ज्या भाषेत मी कधी प्रार्थना केली नव्हती त्या भाषेच्या गावात. बसवण्णांचा दास आणि पौलाचा दास एकच असं मला म्हणायचं नाही, तेवढं माझं शिक्षणही नाही. पण त्या ऊसवाल्यानं तो शब्द मला बादलीतून वाढला, एवढं खरं.

आबा आम्हाला घटना वाचून दाखवायचे. शाळेत ज्या गंभीरपणे ते कविता म्हणायचे त्याच गंभीरपणे. ३० वं कलम त्यांचं विशेष लाडकं, कारण त्यात धर्मावर आधारलेले आणि भाषेवर आधारलेले असे दोन्ही अल्पसंख्य एका वाक्यात येतात. "ह्या वाक्यात आपण दोनदा आहोत बघ," म्हणायचे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला अर्धंच वाक्य लागू, कर्नाटकातल्या हिंदू मराठी माणसाला उरलेलं अर्धं, आम्हाला अख्खं. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते, आणि १९४९ साली ख्रिस्ती मंडळींनी आपण होऊन राखीव मतदारसंघांवरचा दावा सोडला, हे सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. आपण वेगळं कुंपण मागितलं नाही, म्हणायचे. बाबा पदमनजींचाही त्यांना तसाच अभिमान. १८३१ साली बेळगावात जन्मलेला कासाराचा मुलगा, १८५४ साली इथंच बाप्तिस्मा घेतलेला. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारा माणूस आपला, बेळगावचा आणि ख्रिस्तीही, हे आबा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या बैठकीत आणि चर्चच्या बैठकीत सारख्याच जोरात सांगायचे. दोन्हीकडे कुणाला तरी त्यातलं एक विशेषण खुपायचंच. मला मात्र मोठेपणी त्या कादंबरीचा विषयच जास्त लागला. बाप्तिस्म्यानं घर तुटलेलं, जात तुटलेली, आणि त्या मोकळ्या झालेल्या हातानं तीनच वर्षांत, १८५७ ला, ह्या माणसानं लिहिलं काय, तर हिंदू विधवांचं दुःख. ज्या समाजानं दार लावून घेतलं त्याच समाजातल्या केशवपन केलेल्या मुलींचं.

आज्जीनं घटना वाचली नव्हती. तिला वाचता यायचं ते शास्त्र आणि औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या. गावाबाहेरच्या कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यात ती आया होती, तेहतीस वर्षं. मी लहान असताना सुट्टीत तिच्याबरोबर जायचे, पण मला पडवीच्या पुढं येऊ द्यायची नाही. तिथून दिसायचं. ओळीनं पत्र्याच्या घमेल्यांत पाणी, त्यात पाय सोडून बसलेली माणसं. बधिर पायांना खडा रुततो ते कळत नाही, चटका बसतो ते कळत नाही. म्हणून रोज अर्धा तास पाय भिजवायचे, घट्टा खरवडायचा, तेल चोळायचं, आणि बोटाबोटाच्या मध्ये बघायचं की नवीन जखम कुठं झाली का. हे बघायचं काम आज्जीचं. पाय मांडीवर घेऊन ती उजेडाकडे धरायची, तांदूळ निवडल्यासारखी. हळदीचा नाही, फिनेलचा आणि खोबरेल तेलाचा वास तिच्या लुगड्याला रविवारीसुद्धा यायचा. माणसं कुठून कुठून आलेली. कोकणातून घाट चढून आलेली, रायबागची, विजापूरची. तिचं सगळं कन्नड त्या घमेल्यांपाशी शिकलेलं. व्याकरण नाही, लिपीची ओळख नाही. बर्री, कुंद्री, नोव येल्लैति, अंजब्याड्री. या, बसा, कुठं दुखतंय, भिऊ नका. आबांनी ज्या भाषेचा ते दोन सोडून एकही शब्द तोंडात न घेण्याची प्रतिज्ञा केली होती तिच्यातले हे बारा-पंधरा शब्द रोज संध्याकाळी आज्जीबरोबर आमच्या घरी यायचे. आबा काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले होते, "घरात नको." ती म्हणाली, "बरं." आणि घरात बोलली नाही, १९८६ पर्यंत.

१९८६ चा जून. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, गोळीबार झालेला, माणसं गेलेली. मी चौदा वर्षांची. कॅम्पच्या कडेला मंगलोरी कौलांचं आमचं बैठं घर, दारं-खिडक्या दिवसाही लावलेल्या, रेडिओ हळू. आबांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता; गेलेल्यांपैकी एकाला त्यांनी शिकवलं होतं. दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. आज्जीनं उघडलं. बाहेर पोलीस. विशीचा असेल, दगड लागून भुवईच्या वर फाटलेलं, रक्तानं एक डोळा मिटलेला, काठी हातात नव्हती, टोपीही नव्हती. "नीर कोड्रि," म्हणाला. पाणी द्या. मागून आबांचा आवाज आला, मी तो तसा त्याआधी कधी ऐकला नव्हता: "दार लाव." आज्जीनं त्याला आत ओढलं आणि मग दार लावलं. त्याला मोरीपाशी बसवलं, मला म्हणाली, "तांब्या आण गं." मी आबांकडे बघितलं. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी तांब्या नेला. तिनं जखम धुतली, जुन्या धोतराची पट्टी फाडली. ते धोतर आबांचं होतं. तो पोरगा थरथरत होता, आणि ती आमच्या घरात, आबांच्या घरात, म्हणत होती, "अंजब्याड, मगना, अंजब्याड." आबा म्हणाले, "आमची पोरं मारली ह्यांनी, आणि तू." ती म्हणाली, "रक्त थांबू दे की आधी. मग काय ते बोलूया."

नंतर ती दोघं बोलली नाहीत. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर आबा कंदिलाची काच पुसत होते. वीज गेलेली होती. काचेकडेच बघत त्यांनी विचारलं, "टाके पडले असतील काय गं त्याला?" आज्जी म्हणाली, "चार तरी." आबांनी मान हलवली. पुढच्या १ नोव्हेंबरला ते फेरीला गेलेच, फीत आज्जीनंच बांधली, दरवर्षी बांधायची तशी. मी हे सगळं इतक्यांदा आठवलंय की त्यातलं माझं किती आणि घडलेलं किती याची आता भीती वाटते. पण मोरीतलं ते गुलाबी पाणी आणि आबांची पाठ, ह्या दोन गोष्टी मी बनवलेल्या नाहीत.

आमच्या घरात सेवेचा असा वारसा असून आम्ही भित्रे झालो ते अलीकडं. डिसेंबर २०२१ मध्ये इथंच, हायवेवरच्या त्या पांढऱ्या सुवर्ण विधानसौधात, धर्मांतराविरुद्धचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्याच्या नावातच धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण होतं. आमिष कशाला म्हणायचं याच्या व्याख्येत भेटवस्तू होत्या, मोफत शिक्षण होतं, अधिक चांगलं जीवनमान होतं. आमिष दाखवून कुणी कुणाला ओढत असेल तर ते मलाही नको. ज्याला ओढून आणलं तो कसला आला स्वतंत्र? पण त्या नाताळात आमच्याकडं काय झालं ते सांगते. माझी आत्या शेजारच्या काकूंपाशी रोज संध्याकाळी बसायची. काकू लिंगायत, कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेल्या. आत्या त्यांची वेणी घालायची, पाठीला पावडर लावायची आणि उठताना डोक्यावर हात ठेवून अर्धा मिनिट डोळे मिटायची. दोन वर्षं चाललेलं. त्या डिसेंबरात कुणीतरी आत्याला म्हणालं, जपून. मग आत्या वेणी घालून, पावडर लावून नुसतीच उठली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी काकूंनी तिचा हात धरला आणि विचारलं, "माझं काय चुकलं काय गं? डोक्यावर हात का ठेवेनास?" आत्यानं घरी येऊन हे सांगितलं आणि पदर तोंडाला लावला. घटनेचं २५ वं कलम सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून आम्हाला धर्म मानायचं, आचरायचं, त्याचा प्रसार करायचं स्वातंत्र्य देतं. ते आमच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं. आत्याचा हात तिच्याच भीतीनं मागं घेतला होता. चौथ्या दिवशी तिनं हात ठेवला. काकू फेब्रुवारीत गेल्या.

त्या म्हातारीपाशी तर मला कसलीही भीती नव्हती. कायदा आड येत नव्हता, जमाव नव्हता, दगड नव्हते. फक्त एक वाचता येणारं पाकीट होतं. खिडकीतल्या माणसानं माझी भाषा नाकारली म्हणून मी तिची नाकारली, आणि तिनं तर माझ्याकडून काहीच घेतलं नव्हतं; मराठी बोर्ड काळे केले नव्हते, अर्ज सरकवला नव्हता. ती स्वतः कन्नडमध्ये निरक्षर. खिडकीपाशी तिचंही माझ्यासारखंच होत असणार. हे मला चर्चच्या बाकावर कळलं, सीबीटीवर नाही, याचं वाईट वाटतं. इतकी वर्षं पाठ असलेलं वचन ऐन वेळी कुठं गेलं होतं?

बेळगावात १९२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, काँग्रेसचं अधिवेशन सुरू झालं. गांधीजी अध्यक्ष, त्यांच्या आयुष्यातलं अध्यक्ष म्हणून एकमेव अधिवेशन. माझे पणजोबा नाताळची करंजी खिशात घालून टिळकवाडीला बघायला गेले होते. ते घरी येऊन भाषणाचं काही सांगायचे नाहीत, फार लांब उभे होते म्हणे. सांगायचे ते पाण्याचं. एवढ्या माणसांसाठी खणलेली विहीर, आणि हर्डीकरांच्या सेवादलाची, काँग्रेसच्या स्वयंसेवक दलाची, पोरं पहाटेपासून राबताना. "स्वराज्य मागायला आलेली माणसं, आणि हातात बादल्या," हे त्यांचं वाक्य आमच्या घरात आज्जीपर्यंत चालत आलं होतं. ती विहीर आहे अजून. तिच्यावरून जाताना मला हल्ली बैलहोंगलच्या ऊसवाल्याची बादली आठवते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असते, मी सिव्हिलमध्ये गेले. औषधांच्या खिडकीसमोर एक सिमेंटचा बाक आहे, तिथं बसले. काय करायचं ते नीटसं ठरलेलं नव्हतं. पहिला अर्धा तास कुणीच आलं नाही, आणि मीही आपण होऊन कुणाला विचारलं नाही. नुसती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिले, औषधांच्या आणि ओल्या छत्र्यांच्या वासात. मग खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या एका गावचे बाबा आले, त्यांचं पाकीट कन्नडमध्ये आणि ते मराठी. त्यांचं वाचलं. त्यांच्या मागं एक कन्नड बाई उभी राहिली, तिला वाचता येत नव्हतं. मग तिच्या मागं आणखी कुणी. पाकिटावर दुसऱ्यांदा लिहून उपयोग नाही हे लवकर लक्षात आलं. म्हणून चित्रं काढायला लागले. सकाळसाठी अर्धा सूर्य, दुपारसाठी अख्खा, रात्रीसाठी चंद्रकोर. जेवणाआधीची असेल तर ताट रिकामं, नंतरची असेल तर ताटात भाकरी. बाबांनी चंद्रकोरीवर अंगठा ठेवून म्हटलं, "हां, आता घोटाळा न्हाई."

पहारेकऱ्यानं हटकलं. कुठल्या संघटनेच्या? नाही कुठल्या. मग मिशनच्या काय? मी क्षणभर थांबले. आत्याचा मागं घेतलेला हात आठवला. म्हटलं, "चर्चला जाते. इथं पाकिटं वाचते." त्यानं माझ्याकडे, मग पर्सकडे बघितलं, पर्समध्ये पत्रकं असतील असं त्याला वाटलं असावं. पेन होतं आणि आईची गोळ्यांची डबी. तो काही न बोलता गेला, आणि पुढच्या वेळी त्यानं स्वतःच्या बायकोचं पाकीट आणलं. त्यालाही मी सूर्य-चंद्र काढून दिले. प्रभूचं नाव मी तिथं कुणापाशी काढलेलं नाही. काढायचं नाही असं ठरवलेलंही नाही. कुणी विचारलं तर सांगेन. आज्जीला तेहतीस वर्षांत कुणी विचारलं होतं की नाही, मला माहीत नाही.

वारसा नोंदीचा अर्ज मी पुन्हा दिला. मराठीतलाच, आणि त्याला कन्नड प्रत जोडून. दोन्ही प्रतींवर सही मराठीत. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, दोन्ही ठेवा, पावती द्या. पावती मिळाली आहे, नोंद अजून व्हायची आहे. तो हक्क मी सोडलेला नाही आणि सोडणार नाही.

परवाच्या शनिवारी शेवटी एक म्हातारी आली. ती नव्हे, ती मला पुन्हा भेटलेली नाही, प्रत्येक इरकली लुगड्याच्या मागं मी अजून चेहरा बघते. ही रामदुर्गकडची, दमेकरी, दोन शब्दांमध्ये श्वास घेणारी. मी तिची चार पाकिटं ओळीनं मांडली, चित्रं काढली, तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतली. ती बाकावर माझ्या शेजारी बसून राहिली, बसला वेळ होता. थोड्या वेळानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तिनं विचारलं, "निम्मूर यावदवा?" तुझं गाव कुठलं गं.

"इद री," मी म्हटलं. हेच. "बेळगाव."

"बेळगावि," ती म्हणाली, आणि पाकिटं एकावर एक नीट लावून तिनं कमरेच्या पिशवीत खोवली.